'डिस्प्ले येत नाही' : नऊ अक्षरं टाइप करायची नाहीत म्हणून चार लाखांची खरेदी

पोस्ट लांब आहे आणि थोडी तांत्रिकही आहे. पण पैसा तुमचा आहे, तेव्हा वाचाच.

शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, कुठल्याही ठिकाणचं संगणकांच्या निर्लेखनाचं प्रकरण उघडून बघा. शेऱ्याच्या रकान्यात दोन-तीन ठरलेली वाक्यं असतात. 'नादुरुस्त.' 'कालबाह्य.' आणि आताशा सगळ्यात लाडका शेरा म्हणजे 'डिस्प्ले येत नाही, दुरुस्ती परवडणारी नाही.' खाली तीन सह्या, एक शिक्का, आणि आठवड्याभरात दारात भंगारवाल्याचा टेम्पो. डिस्प्ले का येत नाही, कधीपासून येत नाही, कोणी बघितलं, काय करून बघितलं, यातलं एक अक्षर कागदावर नसतं. ग्रामपंचायतीचा बोअर आटला तरी पंचनाम्यात खोली लिहितात हो. इथे तेवढंही नाही.

ताजं प्रकरण आपल्याच तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचं आहे. नाव लिहीत नाही, कारण मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत आणि पोस्ट फिरली की वरून फोन त्यांनाच येणार. शाळेत अकरा संगणक आहेत. एका कारखान्याने आपल्या ड्रॉइंग ऑफिसातले जुने संगणक पाच-सहा वर्षांपूर्वी दिले होते. माल चांगला. इंटेलचे चौथ्या पिढीचे आय-३ आणि आय-५ प्रोसेसर, चार जीबी रॅम, आणि ड्रॉइंगचं काम असायचं म्हणून प्रत्येकात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. पोरं त्यावर मराठी टायपिंग, चित्रं, गणिताचे खेळ करत होती. त्यातल्या बऱ्याच पोरांच्या घरी संगणक नाही. घरात एक मोबाईल, तो बापाच्या खिशात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. म्हणजे संगणक बंद पडले असं नाही, सुरक्षेचे नवे अपडेट यायचे थांबले (थोडी मुदतवाढ मिळते, तिच्या अटी वेगळ्या). विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीला दारातच अडवतात. इथपर्यंत पुरवठादार सांगतात ते खरं आहे, त्यात मला वाद घालायचा नाही.

वाद पुढचा आहे. शाळेतल्या एका तरुण सरांनी स्वतःच्या खर्चाने पेन ड्राइव्ह घेतला आणि त्यावर लिनक्स मिंट भरून आणलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली आहे, फुकट मिळते, आणि तिची मोठी सोय अशी की हार्ड डिस्कला हात न लावता ती थेट पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघता येते. आवडली तर ठेवा, नाही तर पेन ड्राइव्ह काढा, आतलं काही बदलत नाही. सरांनी पेन ड्राइव्ह लावला. कंपनीचा लोगो आला. लिनक्सचा मेनू आला. एंटर दाबलं. आणि पडदा काळा. दहा मिनिटं थांबले, तरी काळाच. दुसऱ्या संगणकावर तेच, तिसऱ्यावर तेच.

नव्या संगणकांचं कोटेशन घेऊन आलेला पुरवठादाराचा माणूस तिथेच होता. त्याने निदान केलं, "सर, ग्राफिक्स गेलंय सगळ्यांचं. जुना माल आहे, त्यात काय एवढं." झालं. शेरा लिहिला गेला. अकरा संगणक, 'डिस्प्ले येत नाही'. आणि सोबत अकरा नव्या संगणकांचं चार लाखांच्या घरातलं कोटेशन.

आता जरा डोकं लावा. कंपनीचा लोगो कुठे दिसला? पडद्यावर. मेनू कुठे दिसला? पडद्यावर. म्हणजे मॉनिटर चालू आहे, केबल चालू आहे, ग्राफिक्स कार्ड चालू आहे. तीनपैकी एकही गेलं असतं तर लोगोच दिसला नसता. मेनूपर्यंत दिसणारा पडदा मेनूनंतर काळा होतो, तेव्हा बिघाड यंत्रात असण्याची शक्यता कमी आणि प्रणालीत असण्याची जास्त, हे ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. मी जर्नालिझमचा डिप्लोमावाला माणूस आहे, मला कळलं. ज्याच्या दुकानावर 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' लिहिलंय त्याला कळू नये?

मधल्या त्या क्षणात काय होतं ते आपल्या भाषेत सांगतो. संगणक सुरू होताना पडदा सांभाळतो तो मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. साधं काम, साधं चित्र. मग लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सुरू होतो आणि पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतो. किती रुंदीचं चित्र, किती वेगाने, कुठल्या पोर्टमधून, हे तो ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकरवी नव्याने ठरवतो. पूर्वी ही जुळवाजुळव कर्नलच्या बाहेर व्हायची. २००९ पासून, आधी इंटेलच्या चिपसाठी आणि मग इतरांसाठी, ती कर्नलमध्ये गेली. फायदे भरपूर झाले. पण ताबा देण्याघेण्याचा हा क्षण नाजूक असतो. ग्रामसेवकाची बदली आठवा (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं). जुना चार्ज सोडून गेला, नवा हजर झाला, पण त्याला दप्तर कुठे आहे तेच माहीत नाही. ऑफिस उघडं, पंखा फिरतोय, आणि दाखला कोणालाच मिळत नाही. काळा पडदा म्हणजे हेच. आत संगणक व्यवस्थित चालू असतो, फक्त चित्र बाहेर येत नाही.

आत जीव आहे का हे बघायचं असेल तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय तर मशीन जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ किंवा एफ-३ एकत्र दाबून बघा. कधीकधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात. उमटली तर समजा की गाभा ठीक आहे, वरचा डेस्कटॉपच अडकलाय. आणि सुरुवातीपासून काहीच दिसत नसेल, लोगोसुद्धा नाही, तर मात्र ते खरंच हार्डवेअरचं दुखणं. तिथे पेन ड्राइव्हला दोष देण्यात अर्थ नाही, रॅम काढून पुसून बसवा, केबल बदला, एसएमपीएस बघा.

उपाय? नव्या ग्रामसेवकाला सांगायचं, बाबा, तू सध्या हजर होऊ नकोस, जुन्याच व्यवस्थेवर काम चालू दे. ते सांगणारा शब्द आहे 'नोमोडसेट'. इंग्रजीत नऊ अक्षरं: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सगळी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. पेन ड्राइव्हचा मेनू आला की एंटर दाबायचं नाही, ई दाबायचं. चार-पाच ओळी दिसतात. त्यातली 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची. तिच्यात पुढे 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. ते खोडून तिथे ही नऊ अक्षरं लिहायची आणि एफ-१० किंवा कंट्रोल-एक्स दाबायचं. काही मशीनवर जुन्या धाटणीचा मेनू येतो, तिथे ई ऐवजी टॅब दाबून ओळ उघडते आणि बदल झाल्यावर एंटर.

एवढंही टाइप करायचं नसेल तर मिंटच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' नावाची ओळ तयार असते. उबंटूत तिला 'सेफ ग्राफिक्स' म्हणतात, फेडोरात 'ट्रबलशूटिंग'च्या आत 'बेसिक ग्राफिक्स मोड'. म्हणजे लिनक्स बनवणाऱ्यांना हे होतं हे माहीत आहे, आणि त्यांनी दरवाजा मेनूतच ठेवलाय. बाणाची कळ दाबून एक-दोन ओळी खाली जायचं होतं. मंडळी, शाळेत तेवढंही कोणी केलं नाही. उलट कोटेशन टाइप करून आणलं, त्याला अक्षरं किती लागली असतील!

रविवारी आम्ही शाळेत बसलो. सर, मी, आणि आठवीतली तीन पोरं, ती बोलावली नव्हती तरी आली. अकरापैकी दोन संगणक खरोखर मेलेले निघाले. एकाचा एसएमपीएस गेलेला, दुसऱ्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. त्या दोघांचं निर्लेखन करा, माझी हरकत नाही. उरलेले नऊ. त्यातल्या सातांवर नोमोडसेट लिहिलं आणि मिंटचा डेस्कटॉप समोर आला. चित्र जाडंभरडं, व्हिडिओ अडखळत, पण आला. दोन तरीही अडले. मग पेटी उघडली, वेगळं ग्राफिक्स कार्ड एक स्क्रू काढून बाहेर घेतलं आणि मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावली. चौथ्या पिढीच्या या आय-३, आय-५ मध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स असतं, आणि इंटेलचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. दोन्ही संगणक एका दमात सुरू झाले, तेही नऊ अक्षरांशिवाय, स्वच्छ चित्रासकट. मग आम्ही बाकीच्या सातांचंही कार्ड काढून टाकलं आणि तिथेही जाडंभरडं चित्र गेलं. एका मॉनिटरवर अक्षरं विचित्र मोठी दिसत होती. ती केबल स्वस्तातली निघाली. मॉनिटर आपली माप संगणकाला ज्या पिनांवरून सांगतो त्याच तिच्यात नव्हत्या. केबल बदलली, ठीक झालं.

एकूण खर्च: एक व्हीजीए केबल आणि सहा चहा. (सहावा शिपाईमामांना.)

नोमोडसेटबद्दल एक सूचना, नाहीतर उद्या मला शिव्या घालाल. हा कायमचा इलाज नाही, काठी आहे. पेन ड्राइव्हवर लिहिलेला बदल लक्षात राहत नाही, पुढच्या वेळी पुन्हा लिहावा लागतो. लिनक्स हार्ड डिस्कवर बसवल्यानंतर पहिल्यांदा सुरू करतानाही बहुतेकदा लिहावाच लागतो. त्यानंतर योग्य ड्रायव्हर घालायचा, मिंटमध्ये त्यासाठी 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे, आणि मग काठी टाकून द्यायची. काठी धरूनच चालत राहिलात तर कार्डाची ताकद वापरातच येत नाही, आणि मग 'लिनक्स स्लो आहे' म्हणून बोंब. ड्रायव्हर बाहेरचा असेल आणि मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर प्रणाली उचलत नाही. तिथे एक पासवर्ड ठरवून पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर तो द्यावा लागतो. हा निळा पडदा बघूनही लोक घाबरतात. घाबरू नका, वाचा, त्यावर लिहिलेलं असतं.

आता दोष कोणाचा, ते बोलू. कारण नुसती युक्ती सांगून मी उठलो तर ती पोस्ट झाली नाही, यूट्यूब चॅनल झालं.

पहिला दोष ग्राफिक्स चिप विकून तिचं दप्तर कुलुपात ठेवणाऱ्यांचा. यात बदनाम नाव एनव्हिडियाचं. वर्षानुवर्षं त्यांनी आपल्या चिपची माहिती उघडी केली नाही. लिनक्सच्या लोकांनी चिपला बाहेरून टोचून, ती कशी वागते ते टिपून 'नूव्हो' नावाचा ड्रायव्हर उभा केला. माहितीशिवाय बनवलेला ड्रायव्हर काही कार्डांवर अडखळणार नाही तर काय होईल? २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना एनव्हिडियाबद्दल विचारलं, तेव्हा ते भर सभेत कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवून काय बोलले ते जगाने बघितलं, इथे लिहिता येत नाही. २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग उघडा केला खरा, पण तो २०१८ नंतरच्या चिपांसाठी. आपल्या शाळांत असतात ती कार्डं त्याच्या आधीची. जुन्या कार्डांसाठीचे कंपनीचे स्वतःचे ड्रायव्हरही पिढीमागून पिढी बंद होत गेले, त्यामुळे नव्या लिनक्सवर ते बसवताना रडकुंडीला यायला होतं. इंटेल आणि एएमडी या बाबतीत बरे. म्हणूनच वर सांगितलं, मदरबोर्डवर इंटेलचं ग्राफिक्स असेल तर जुन्या कार्डाचा मोह सोडा.

दुसरा दोष लिनक्सवाल्यांचा. होय, तुमचाही. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण डेबियनसारख्या मोठ्या प्रकल्पाने कित्येक वर्षं आपल्या अधिकृत प्रतीत बंदिस्त फर्मवेअर घालायचं नाकारलं. एएमडीच्या अनेक कार्डांना ते लागतंच. परिणाम, नवखा माणूस पेन ड्राइव्ह लावणार आणि धड चित्र येणार नाही. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी आपसात मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबत यायला लागलं. उशिरा का होईना, शहाणपण. पण आपल्याकडच्या लिनक्सप्रेमी मंडळींचा सूर मला जास्त खटकतो. एखाद्या मास्तरने 'पडदा काळा झाला' म्हणून विचारलं की उत्तर येतं, 'आधी सर्च करा.' अरे, तो काय सर्च करणार? काय झालंय ते सांगायला त्याच्याकडे शब्द नाही. काळ्या पडद्यावर एरर मेसेज पण येत नाही! तुमची 'सोपं आहे हो' ही तीन शब्दांची मदत आणि पुरवठादाराचं 'ग्राफिक्स गेलंय', दोन्हींचा शेवट भंगाराच्या टेम्पोतच होतो.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा दोष आपल्या व्यवस्थेचा. निर्लेखनासाठी तांत्रिक अभिप्राय लागतो. तो कोणाकडून घेतात? गावात दुसरं कोणी नसतं म्हणून त्याच दुकानदाराकडून, ज्याला नवा माल विकायचाय. ज्याच्याकडे नवी बैलजोडी विकायला उभी आहे त्यालाच विचारायचं, बाबा, आमचा बैल म्हातारा झालाय का रे? तो काय सांगणार? बैलाचे दात बघितल्याचं नाटक तरी करतो बिचारा. इथे पेटीसुद्धा उघडत नाहीत.

मी त्या पुरवठादाराला एकट्याला खलनायक करत नाही. त्याचा धंदा आहे. प्रश्न असा की समोर सरकारी बाजूला उलटा प्रश्न विचारणारा कोण आहे? आयसीटी योजनेत माध्यमिक शाळांना पाच वर्षांच्या कंत्राटावर प्रयोगशाळा मिळाल्या, त्यांच्यासोबत संगणक निदेशक मिळाले. कंत्राटं संपली. संगणक शाळेत राहिले, निदेशक घरी गेले, हक्कासाठी मोर्चे काढून दमले. आता संगणक बिघडला की जबाबदारी गणिताच्या सरांवर, कारण त्यांना 'जरा कळतं'. प्राथमिक शाळेत तर तेही नाही.

केरळकडे बघा. तिथे २००१ च्या सुमारास शाळांसाठी आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला, आज ते काम काइट नावाची सरकारी कंपनी बघते. शाळांसाठी त्यांनी उबंटूवर आधारित स्वतःची लिनक्स प्रणाली केली. मुलं त्यावरच शिकतात, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावरच देतात. मला प्रणालीपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं अप्रूप वाटतं. तिथे शिक्षकांतूनच मास्टर ट्रेनर तयार केले आहेत. म्हणजे एखाद्या शाळेत पडदा काळा झाला तर विचारायला माणूस आहे, आणि तो नवे संगणक विकत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं केंद्र सरकारचं धोरण २०१५ चं आहे. सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली कधीच केली, आणि सी-डॅकचं मुख्यालय आहे पुण्यात. धोरण दिल्लीत, संस्था पुण्यात, आणि आमच्या तालुक्यात 'डिस्प्ले येत नाही'.

आता काही जणांच्या कमेंट आधीच दिसताहेत, त्यांची उत्तरं देऊन टाकतो. 'सरकारी कामं विंडोजशिवाय होत नाहीत.' बरीच होतात. ऑनलाइन माहिती भरायची पोर्टल ब्राउझरमध्ये चालतात, ब्राउझर लिनक्सवर तोच आहे. डिजिटल सहीचा टोकन, काही जुने प्रिंटर-स्कॅनर, यांचा त्रास होतो, हे खरं. मग ऑफिसात एक नवा विंडोजचा संगणक घ्या ना! पोरांच्या अकरा संगणकांचा बळी कशाला? 'मराठी टायपिंगचं काय?' युनिकोड आणि इनस्क्रिप्ट लिनक्सवर उत्तम चालतं. जुन्या फॉन्टच्या फायलींचा घोळ होतो, पण तो विंडोजवरही होतो, आमच्या छापखान्यात विचारा. 'पुढे नोकरीत विंडोजच लागतं.' आठवीच्या पोराला माऊस, कीबोर्ड, फाइल, फोल्डर, तक्ता, थोडं प्रोग्रामिंग एवढं आलं की तो कुठल्याही प्रणालीवर दोन दिवसांत रुळतो. संगणकच नसेल तर मात्र कशावरच रुळत नाही.

आणि 'नवे मिळताहेत तर घेऊ द्या ना, तुमचं काय जातं?' ही कमेंट येणारच. शाळेच्या छताला गळती आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे, कडी नाही. चार लाख कुठे जायला हवेत यावर ग्रामसभेत बोलायला मी तयार आहे, तुम्ही या.

मागणी साधी आहे. संगणकाचं निर्लेखन करताना लोगो दिसतो की नाही, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरक्षित ग्राफिक्समध्ये सुरू करून बघितलं का, वेगळं कार्ड काढून बघितलं का, हे प्रत्येक मशीनसमोर लिहा, आणि तपासणाऱ्याचं नाव व तारीख टाका. तपासणारा विकणारा नसावा. तालुक्यात आयटीआय आहे, कॉलेजं आहेत, तिथली पोरं एका दिवसात हे करतील, आणि त्यांना त्यातून शिकायलाही मिळेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांना याच आशयाचं निवेदन मी दिलंय, पोच माझ्याकडे आहे. गेल्या तीन वर्षांत तालुक्यातल्या शाळांत किती संगणकांचं निर्लेखन झालं आणि प्रत्येकाचा तांत्रिक अभिप्राय कोणी दिला, हे माहिती अधिकारात मागितलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो, जसंच्या तसं.

त्या शाळेचं म्हणाल तर प्रकरण अजून लटकलेलं आहे. नऊ संगणक चालू आहेत, पोरं रोज बसताहेत, पण कागदावर ते अजून मेलेलेच आहेत, कारण प्रस्ताव वर गेलाय आणि 'आता प्रक्रिया सुरू झालीय' हे उत्तर आहे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आहे. पालकांनी यावं. अध्यक्षांना एवढंच विचारावं की प्रस्ताव मागे घेणार का, आणि कधी. संगणक स्वतः चालू करून बघायचे असतील तर सर अर्धा तास आधी खोली उघडून ठेवणार आहेत.

तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत असा शेरा लागलेले संगणक असतील तर यादी आणि शेऱ्याचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. माझ्याकडे आठ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह तयार आहेत, एकावर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, एकावर उबंटू. स्टँडजवळच्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी सहानंतर मिळतील. वहीत नाव लिहून न्या आणि चार दिवसांत परत आणा, रांगेत दुसऱ्या गावचे सर आहेत.